जुन्या गाडीचा अल्टरनेटर: आधी मीटर लावा, मग पाना उचला

गाडीची बॅटरी डाऊन झाली की आधी नवी बॅटरी येते. महिना-दोन महिन्यांत तीही सकाळी सेल्फ उचलेनाशी होते, मग अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलला जातो. तरी रात्री हेडलाइट मंदच. शेवटी कुणीतरी इंजिनापासून चॅसिसला जाणारी गंजलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करतो आणि चार्जिंग सुरळीत होतं. तोवर दोन महागडे भाग विनाकारण बदललेले असतात. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिल्या पाच टप्प्यांत अल्टरनेटर गाडीवरून उतरवायचाच नाही.

इथले आकडे १२ व्होल्टच्या जुन्या गाड्यांचे आहेत: मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी सुमो, जुनी बोलेरो. ट्रक-बसच्या २४ व्होल्टच्या यंत्रणेत बॅटरीचे आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरा. नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यांना हा हिशेब लावू नका.

## तयारी

डिजिटल मल्टिमीटर लागेल. साधा चालेल, पण त्याची स्वतःची बॅटरी ताजी हवी. उतरलेल्या बॅटरीवर स्वस्त मीटर खोटे आकडे दाखवतात. १० ते १७ नंबरचे रिंग पाने आणि गोटी पाने, तारेचा ब्रश, बारीक झिरो पेपर, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनर, खडू आणि पेट्रोलियम जेली जवळ ठेवा. अल्टरनेटर उघडायची वेळ आली तर किमान ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि बेअरिंग पुलरही लागेल.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसला जोडलेला पाना बॉडीला टेकला तर क्षणात लाल होतो. बोटात अंगठी असेल तर तीही. ओढणी, मफलर, सैल बाही फिरत्या बेल्टजवळ नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॉनेटखाली विडी-सिगारेट पेटवायची नाही.

सावधान: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ ही तपासणी कधीही करू नका. डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग), कधी टेपसुद्धा जळतो. ‘आम्ही नेहमी असंच बघतो’ असं सांगणाऱ्या गॅरेजमध्येही हात आडवा घाला. धडधाकट अल्टरनेटर या एका सवयीने मरतो.

## टप्पा १: बॅटरीचा खरा अंदाज

मेलेल्या बॅटरीवर अल्टरनेटरची कुठलीच चाचणी खरी येत नाही. म्हणून सुरुवात इथून.

१. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या दोन्ही खांबांवर व्होल्टेज मोजा. गाडी नुकतीच चालून आली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो.

२. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर बाहेरून चार्ज केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३. पाणी घालायच्या बॅटरीत प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. भरलेल्या बॅटरीत १.२६ ते १.२८ येतं. पाच सेल १.२५ च्या वर आणि एकच १.१५ असेल तर तो सेल गेला आहे. अल्टरनेटरला दोष देण्यात अर्थ नाही.

४. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरवर लक्ष ठेवायला सांगा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती थकली आहे. सेल्फ स्वतःच जाम असेल तरही असं होतं, हे लक्षात ठेवा.

उतरलेली बॅटरी चार्जरवर लावताना तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाएवढा करंट ठेवा: ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, आणि रात्रभर वेळ. धक्का मारून गाडी सुरू करायची आणि ‘हायवेला चार्ज होईल’ म्हणत निघायचं, हे जुन्या अल्टरनेटरला फार महागात पडतं. रिकामी बॅटरी त्याच्याकडून तासन्‌तास पूर्ण करंट ओढते, आणि उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेत डायोड तेवढं सोसत नाहीत. नवा अल्टरनेटर बसवल्यावर आठवड्यात जळाला, अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हीच रिकामी बॅटरी असते.

## टप्पा २: बेल्ट आणि पुली

इंजिन बंद, चावी खिशात.

अल्टरनेटरचा पंखा बोटांनी फिरवून बघा. बेल्ट जागच्या जागी राहून पुली त्यात घसरत असेल तर बेल्ट ढिला आहे. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबलं तर बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा.

बेल्ट उलटा करून कडा बघा. काचेसारखी चकाकी आली असेल, भेगा असतील, तेल लागलं असेल, तर बदला. ‘व्ही’ आकाराचा बेल्ट पुलीच्या दोन्ही उतरत्या बाजूंना धरून चालतो, तळाला त्याने टेकायचं नसतं. पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसलाय. कितीही ताणला तरी तो घसरणारच.

सेल्फ मारल्याबरोबर किंवा हेडलाइट लावल्यावर ‘च्यीं’ असा आवाज येतो तो बेल्टचा. त्यावर साबण, पावडर, बेल्टचा स्प्रे असलं काही लावू नका. आवाज जाईल, घसरण तशीच राहील.

तपासणी: बऱ्याच जुन्या गाड्यांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. चार्जिंगची लाइट लागली आणि सोबत तापमानाचा काटा चढू लागला तर बेल्ट तुटलाय असं समजून लगेच बाजूला थांबा.

## टप्पा ३: जोडण्या आणि अर्थिंग

हा टप्पा लोक डोळ्यांनी उरकतात. डोळ्यांना चांगली दिसणारी जोडणीसुद्धा आतून गंजलेली असते, म्हणून इथे मीटरच लागतो. कोकणात, गोव्यात, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा निम्मा त्रास मला इथेच सापडत आलाय.

बॅटरीचं टर्मिनल काढा (आधी मायनस, मग प्लस), गरम पाणी आणि खायच्या सोड्याने पांढरी-हिरवी बुरशी धुवा, पण सोड्याचं पाणी सेलच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. खांब आणि टर्मिनलचा आतला भाग चकचकीत घासा. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यानंतर वरून लावा.

आता इंजिन चालू करा, साधारण २००० आरपीएमला रेस धरा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

१. लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, म्हणजे ‘बी प्लस’वर. काळी पिन बॅटरीच्या प्लस खांबावर. टर्मिनलवर टेकवू नका, थेट शिशाच्या खांबावर ठेवा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर मधली वायर, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) किंवा फ्यूजची जोडणी व्होल्टेज खाते आहे.

२. लाल पिन अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनस खांबावर. इथे ०.२ च्या आत हवं. जास्त असेल तर अर्थिंग खराब. इंजिन ते चॅसिस आणि चॅसिस ते बॅटरी, दोन्ही पट्ट्या सोडा, रंग आणि गंज घासून उघडा धातू दिसू द्या, पुन्हा घट्ट करा.

दोष कुठे आहे ते नेमकं शोधायचं असेल तर एक पिन स्थिर ठेवून दुसरी पिन प्रत्येक जोडणीवरून पुढे सरकवत न्या. ज्या जोडणीच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो तिथेच दोष. जाड केबलमध्ये कधी थिंबलच्या आत तांब्याचे तंतू हिरवे होऊन तुटलेले असतात आणि वरचं रबर शाबूत असतं. केबल हाताने वाकवून बघा. तो भाग कडक किंवा करकरीत लागतो.

ज्या फार जुन्या गाड्यांत रेग्युलेटर बाहेर, मडगार्डवर स्क्रूने बसवलेला असतो (गॅरेजवाले त्याला कटआउट म्हणतात), तिथे त्याच्या डबीलाही चांगली अर्थिंग हवी. गाडी रंगवून आणल्यावर चार्जिंगचा त्रास सुरू झाला असेल तर आधी हे स्क्रू बघा. त्यांच्याखाली रंग गेलेला असतो.

## टप्पा ४: चार्जिंगची लाल लाइट काय सांगते

डॅशबोर्डवरची बॅटरीच्या चित्राची लाइट जुन्या गाड्यांत नुसती सूचना देत नाही. तिच्यातून जाणाऱ्या थोड्या करंटनेच रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागात) सुरुवातीचं चुंबकत्व तयार होतं. लाइटचा बल्ब गेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस केल्यावरच होतो. म्हणून:

चावी ऑन, इंजिन बंद: लाइट लागायलाच हवी. लागली नाही तर अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर (‘डी प्लस’ किंवा ‘एल’) काढून तिचं टोक बॉडीला टेकवा. लाइट लागली तर बल्ब आणि वायर चांगली, दोष अल्टरनेटरच्या आत: झिजलेले कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश), तुटलेली रोटरची वायर किंवा रेग्युलेटर. तरीही लागली नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर बघा, अल्टरनेटरला हात लावू नका.

सावधान: बॉडीला टेकवायची ती फक्त बारीक वायर. जाड वायर बॉडीला टेकली तर बॅटरीचा पूर्ण करंट तिथून जाईल आणि वायरिंग पेटेल. शंका असेल तर चाचणी सोडून द्या.

इंजिन चालू, लाइट तशीच पेटलेली: चार्जिंग होत नाही. लाइट मंद मिणमिणते: बहुधा डायोड, किंवा टप्पा ३ मधली खराब जोडणी. चावी काढल्यावरही लाइट मिणमिणते: डायोड शॉर्ट झालाय, बॅटरीचा मायनस ताबडतोब काढा, नाहीतर बॅटरी रात्रीत उतरेल आणि अल्टरनेटर तापत राहील.

एक अलीकडची चूक. मीटरचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवले जातात, त्यात ही लाइटही जाते. एलईडीतून इतका कमी करंट जातो की रोटर जागा होत नाही. या एका जागी कंपनीने दिला होता तेवढ्याच वॅटचा साधा बल्ब ठेवा.

## टप्पा ५: अल्टरनेटरची मोजमापं

बॅटरी भरलेली, बेल्ट घट्ट, जोडण्या स्वच्छ. आता खरी परीक्षा. मीटर थेट बॅटरीच्या खांबांवर.

रेसवर, लाइट बंद. १५०० ते २००० आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे तासभर गाडी चालवून आल्यावर १३.६ दिसले तर घाबरू नका. बरेच रेग्युलेटर उष्णतेत व्होल्टेज मुद्दाम थोडं उतरवतात.

भार टाकून. हेडलाइट, ब्लोअर, वायपर, सगळं लावा. त्याच आरपीएमला १३.३ च्या खाली जाऊ नये. नुसत्या आयडलला थोडं उतरणं जुन्या अल्टरनेटरचा स्वभाव आहे, रेस दिल्यावर वर यायला हवं. रेस देऊनही साडेबारा-पावणेतेरावर अडकत असेल तर एखादा डायोड किंवा स्टेटरचा (रोटरभोवतीच्या स्थिर वाइंडिंगचा) एक फेज, म्हणजे तीनपैकी एक गुंडाळी, गेलेला असू शकतो.

जास्त व्होल्टेज. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीचं पाणी वारंवार संपणं, बल्ब पटापट उडणं, ॲसिडचा वास ही त्याची लक्षणं. अशी गाडी चालवत राहू नका. काही अल्टरनेटरना बॅटरीचं व्होल्टेज ‘बघायला’ वेगळी वायर असते. ती तुटली तरी असंच होतं, म्हणून रेग्युलेटर विकत घेण्याआधी ती वायर तपासा.

डायोडसाठी एसी. मीटर एसी व्होल्टवर, इंजिन २००० वर, हेडलाइट लावलेले. ०.५ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर डायोड गळतोय. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर ठेवून डीसीला लावले तरी भलताच आकडा दाखवतात. आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर बघा. तिथेच वीस-पंचवीस दिसले तर हा मीटर या चाचणीला नालायक, दुसरा आणा.

इथे हिशेबाची एक गोष्ट. साधे ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून ८ अँपिअरच्या आसपास घेतात. त्यांच्या जागी १०० वॅटचे बल्ब, वर दोन फॉगलाइट आणि मोठा ॲम्प्लिफायर लावला की भार ३० अँपिअरच्या पलीकडे सहज जातो. जुन्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर आयडलला एवढं देऊच शकत नाही. तो चांगला आहे, भार जास्त आहे. नवा आणून फरक पडणार नाही.

तपासणी: इथवरच्या सगळ्या टप्प्यांचे आकडे कागदावर लिहा. दोष अल्टरनेटरमध्येच आहे हे आकडे सांगत असतील तरच पुढे जा. आवाजाची तक्रार असेल तर बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. खरखर किंवा वर-खाली हालचाल लागली तर बेअरिंग.

## टप्पा ६: गाडीवरून उतरवणं

१. बॅटरीचा मायनस काढा. ‘बी प्लस’ला चावी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे ही पायरी वगळायची नाही.

२. मागच्या सगळ्या वायरींचे मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. सारख्या दिसणाऱ्या दोन बारीक वायरी उलट लागल्या तर रेग्युलेटर किंवा टॅकोमीटर बिघडू शकतो.

३. ताण धरणाऱ्या लांब खाचेच्या पट्टीचा बोल्ट आणि खालचा मुख्य बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, बेल्ट काढा, मग बोल्ट पूर्ण काढा. मधले वॉशर आणि स्पेसर कोणत्या बाजूला होते ते लक्षात ठेवा. ते बदलले की पुली तिरकी बसते आणि नवा बेल्टही कडेने कुरतडला जातो.

डिझेल गाडीवाल्यांसाठी, नीट वाचा. जुन्या सुमो, बोलेरो, ४०७ अशा गाड्यांत अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला व्हॅक्युम पंप असतो आणि ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) त्याच्यावरच चालतो. त्याला इंजिन ऑइलची येणारी आणि जाणारी नळी असते, शिवाय बूस्टरकडे जाणारा व्हॅक्युमचा पाइप. नळ्या काढताना खाली भांडं धरा, तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा. परत लावताना तांब्याचे वॉशर नवेच वापरा. पंपाचं ऑइल सील गळत असेल तर तेल थेट कार्बनवर जातं. नुसते कार्बन बदलून ती गाडी महिन्याभरात परत येते. सील आधी.

## टप्पा ७: उघडून तपासणं

अनेक अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आणि कार्बन एकत्र, मागच्या बाजूला दोन-तीन स्क्रूंवर असतात. तो भाग सगळ्यात आधी काढा. तसंच खोलायला गेलं तर कार्बन तुटतात. कित्येकदा काम इथेच संपतं. होल्डरबाहेर कार्बन पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी दिसत असतील, किंवा स्प्रिंगवर मोकळे सरकत नसतील, तर बदला.

पुढे जायचं असेल तर पुढची टोपी, मधला स्टेटर आणि मागची टोपी यांच्यावरून खडूची किंवा पंचची एक सरळ खूण करा. खूण नसेल तर जुळवताना माउंटिंगचे कान भलत्याच कोनात येतात आणि सगळं परत खोलावं लागतं. पुलीचा नट सोडताना पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, पाती वाकतात. जुना बेल्ट पुलीभोवती गुंडाळून तो व्हाइसमध्ये पकडा.

रोटर. शाफ्टवरच्या दोन तांब्याच्या रिंगांवरून नख फिरवा. नख अडकेल इतकी चर पडली असेल तर रिंग बदलाव्या किंवा लेथवर साफ कराव्या लागतील. नुसती काळपट असेल तर रोटर फिरवत झिरो पेपरने पुसा, एकाच जागी घासू नका. मीटर ओहमवर: रिंग ते रिंग साधारण अडीच ते पाच ओहम. काहीच न दाखवणं म्हणजे तार तुटली, जवळपास शून्य म्हणजे शॉर्ट. रिंग ते शाफ्ट काहीच दाखवायला नको.

स्टेटर. फेज ते फेज रेझिस्टन्स इतका कमी असतो की साध्या मीटरला फरक कळत नाही, इथे डोळे आणि नाक जास्त उपयोगी. एकसारखा तांबूस रंग चांगला. एक बाजू काळी, वार्निश सुटलेलं, जळका वास, म्हणजे गेला. कोणत्याही फेजपासून बॉडीला जोड दिसता कामा नये. हे मोजताना स्टेटर डायोडपासून सुटा हवा.

डायोड. स्टेटरच्या वायरी सोल्डर काढून वेगळ्या केल्याशिवाय डायोड मोजण्यात अर्थ नाही. मीटर डायोडच्या खुणेवर: एका दिशेने ०.४ ते ०.७, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे आकडा म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडे काही नाही म्हणजे उघडा. सोल्डर करताना डायोडची दांडी पकडीने धरून ठेवा, म्हणजे उष्णता पकडीत जाते; आयर्न चार-पाच सेकंदांच्या वर टेकवू नका.

बेअरिंग. एवढं खोललंच आहे तर दोन्ही बदला. कडेला कोरलेला नंबर बघून तोच घ्या, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावर, टोपीत बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं.

कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोड प्लेट इथवर दुरुस्तीच करावी असं माझं ठाम मत आहे. मूळ कंपनीची जुनी बॉडी आणि वाइंडिंग अनोळखी नावाच्या स्वस्त नव्या अल्टरनेटरपेक्षा भरवशाची. स्टेटर जळालेला असेल किंवा रोटर स्टेटरला घासला असेल तर मात्र चांगल्या माणसाकडून बांधून घेतलेला किंवा मूळ बनावटीचा नवा घ्या.

## टप्पा ८: जुळवणं

‘बी प्लस’च्या बोल्टभोवती एक छोटा फायबरचा बुश असतो, तो बोल्टला बॉडीपासून वेगळा ठेवतो. धुताना हा बुश हरवतो आणि जुळवताना कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरी जोडल्याबरोबर ठिणगी उडते ती यामुळे. तो जागेवर आहे ना, दोनदा बघा.

वाइंडिंग पेट्रोलमध्ये बुडवून धुवू नका, वार्निश सुटतं. कोरडा ब्रश आणि हवा पुरे. कार्बन वेगळे निघत नसतील तर ते आत दाबून मागच्या टोपीच्या छिद्रातून ताठ तार घालून अडकवा, रोटर बसला की तार ओढून घ्या. तार आत विसरली तर रोटर फिरताना कार्बनचा चुरा होतो.

तपासणी, बसवण्याआधी: पुली हाताने फिरवा, कुठेही घासू नये. मीटर डायोडवर ठेवून बॉडी आणि ‘बी प्लस’ दोन्ही दिशांनी मोजा. दोन्हीकडे शून्य आलं तर तो अल्टरनेटर गाडीवर चढवायचा नाही.

## टप्पा ९: बसवणं आणि चालू करणं

उतरवण्याच्या उलट क्रमाने. बेल्ट ताणताना पहार पुढच्या जाड टोपीवर टेकवा. मागची टोपी ॲल्युमिनियमची, पातळ असते, तडकते. बेल्ट तारेसारखा ताणला तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग दोन्ही खातो. ‘बी प्लस’चा नट घट्ट, त्यावर रबरी टोपी. बॅटरीचा मायनस सर्वांत शेवटी.

व्हॅक्युम पंप असेल तर जोडण्याआधी त्याच्या ऑइलच्या तोंडात थोडं इंजिन ऑइल सोडा. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करा, मग पाय दाबून ठेवूनच सेल्फ मारा. इंजिन सुरू झाल्यावर पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. कडकच राहिलं तर गाडी जागेवरून हलवू नका, व्हॅक्युमचा पाइप आणि पंप बघा. नंतर ऑइलची पातळी तपासा आणि नळ्यांच्या जोडांना बोट लावून गळती पाहा.

आता टप्पा ३ आणि ५ ची मोजमापं परत घ्या आणि कागदावरच्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. नवा बेल्ट दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर सैल होतो, तेव्हा एकदा पुन्हा ताणा.

## टप्पा १०: रात्रीची गळती

चार्जिंग १४.२ येतंय, तरी सकाळी बॅटरी १२.१ वर. मग करंट रात्री कुठेतरी जातोय. चावी बंद, दारं बंद, सगळे दिवे बंद करून बॅटरीचा मायनस काढा आणि खांब व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. घड्याळ आणि टेपची मेमरी धरूनही जुन्या गाडीत हे ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं.

सावधान: मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका. मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्त मीटर जळतोच.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर दोष. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर मीटर बाजूला घ्या, मायनस मोकळाच ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि मीटर पुन्हा जोडा. आकडा खाली आला तर डायोड प्लेट गळते आहे. चार्जिंग उत्तम असतानाही ती गळू शकते, आणि ती बदलावीच लागते.